पीसीओएसच्या गोळ्या किती वर्षं घ्यायच्या?

प्रश्न असा आला आहे: वय २७. पीसीओएसचं (बीजकोशांचा, म्हणजे ओव्हरींचा, हार्मोनशी जोडलेला विकार, ज्यात बीज क्वचित फुटतं आणि पाळी लांबते) निदान १९व्या वर्षी झालं. तेव्हापासून गर्भनिरोधक गोळ्या तीनदा सुरू केल्या आणि सहा-आठ महिन्यांनी तीनदा सोडल्या. सोडल्या की पाळी लांबते. या वेळी तर साडेतीन महिने झाले तरी आलेली नाही. हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड केस येतात, अधूनमधून पिंपल्स. ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीत उपाशीपोटीची साखर ९८ आणि दोन तासांनंतरची १५२. डॉक्टरांनी पुन्हा गर्भनिरोधक गोळ्या, सोबत साखरेसाठी मेटफॉर्मिन, आणि सहा महिन्यांनी गरज वाटली तर केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन असं सुचवलं आहे. साधारण दोन वर्षांनी मूल हवं आहे. ‘हे सगळं जन्मभर घ्यायचं का? शरीराला सवय लागेल का? इतकी वर्षं गोळ्या घेतल्यावर दिवस राहतील का?’

आधी एक तातडीचं काम. साडेतीन महिने पाळी नाही आणि सध्या गोळ्याही चालू नाहीत, तर कुठलीही गोळी तोंडात टाकण्याआधी घरच्या घरी लघवीची गर्भचाचणी करून घ्या. पीसीओएस असलेल्या बाईचं बीज क्वचित फुटतं, पण फुटतच नाही असं नाही. ‘माझी पाळी नेहमीच लांबते’ म्हणत चौथ्या महिन्यात गरोदरपण कळलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या काही तोवर नको ती औषधं घेत होत्या.

आता दिवस राहण्याविषयी, कारण खरी भीती तिथेच दिसते. गर्भनिरोधक गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. गोळ्या थांबवल्यावर थोड्याच आठवड्यांत बीजकोश आपल्या मूळ चालीवर येतात. पीसीओएसमध्ये ती मूळ चालच मंद असते, म्हणून पाळी पुन्हा लांबते. तुम्हाला ती ‘सवय लागल्याची’ खूण वाटते, पण १९व्या वर्षी पहिलं पाकीट हातात पडलं तेव्हाही पाळी लांबतच होती, म्हणून तर ते पाकीट दिलं गेलं. गोळ्यांनी मधल्या काळात त्रास झाकून ठेवला, बरा केला नाही. पीसीओएस मुळातून बरं करणारं औषध आजही नाही. हे पहिल्याच भेटीत कुणी स्वच्छ सांगितलं असतं, तर तीन वेळा सोडण्याची वेळ आली नसती असं मला वाटतं.

‘किती वर्षं?’ या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही, कारण तुमची प्रत्येक गोळी वेगळ्या कामासाठी आहे आणि कामाप्रमाणे तिची मुदतही वेगळी आहे. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी सगळी पाकिटं टेबलावर मांडायला सांगते आणि हातात पेन देते: प्रत्येक पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूवर ती गोळी कशासाठी चालू आहे ते एका शब्दात लिहा. ‘अस्तर’, ‘केस’, ‘साखर’, ‘बाळ’. जिथे लिहिता येत नाही, तिथे बहुधा घोळ असतो. एकदा मूल हवं म्हणून आलेल्या एका बाईच्या पिशवीतून फोलिक अ‍ॅसिड आणि स्पायरोनोलॅक्टोन शेजारी शेजारी निघालं. दुसरी गोळी चेहऱ्यावरच्या केसांसाठी दुसरीकडून दिलेली होती, आणि ती गरोदरपणात चालत नाही हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन्ही गोळ्या ती दीड वर्ष इमानाने घेत होती.

तर ‘अस्तर’ घेऊ. बीज फुटलं की बीजकोशातून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं आणि त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर ठरावीक वेळी सुटून बाहेर पडतं. बीज फुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर वाढवत राहतं. महिनोन्‌महिने असं चाललं की एक तर अचानक पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं, नाहीतर अस्तराच्या पेशी बिघडायला लागतात. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो. तरुण वयात तो तरीही दुर्मीळच, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. व्यवहारातला नियम सोपा आहे: गोळ्या चालू नसताना दोन पाळ्यांमध्ये ९० दिवसांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही आत्ता त्या रेषेच्या पलीकडे आहात. गर्भचाचणी नकारात्मक आली तर डॉक्टर बहुधा दहा-बारा दिवस प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या देतील, त्या संपल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होईल.

अस्तराचं रक्षण हे काम मात्र लांबचं आहे. आपोआप नियमित पाळी येत नाही तोवर कुठल्या ना कुठल्या मार्गाने ते करावंच लागतं. रोजची गर्भनिरोधक गोळी हा एक मार्ग. दर एक ते तीन महिन्यांनी दहा ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनचा कोर्स हा दुसरा. आणि गर्भाशयात बसवायची, लेव्होनॉर्जेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) सोडणारी तांबीसारखी वस्तू हा तिसरा. रोज गोळी लक्षात राहत नाही किंवा इस्ट्रोजेन चालत नाही अशा बाईला हा तिसरा मार्ग फार सोयीचा पडतो. तिने पाळी जवळजवळ बंद झाली तरी चालतं, कारण अस्तर पातळच राहतं. पाळी न येणं आणि अस्तर साचून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहऱ्यावरच्या केसांवर मात्र तिचा उपयोग नाही.

तुमच्या डॉक्टरांनी रोजची गोळी निवडली ती बरोबरच आहे असं माझं मत, कारण ती एकाच वेळी दोन कामं करते. पीसीओएसमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून एलएच हे हार्मोन जास्त सुटतं आणि ते बीजकोशाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स बनवायला लावतं. गोळी एलएच खाली आणते. शिवाय गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवायला लागतं, ज्याला आम्ही एसएचबीजी म्हणतो. हे प्रथिन रक्तातलं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं, त्वचेपर्यंत मोकळं पोहोचू देत नाही. पिंपल्स कमी होतात ते यामुळे, साधारण तीन-चार महिन्यांत. सहाव्या-आठव्या महिन्यात तुम्ही गोळ्या सोडत होतात, म्हणजे त्वचेला गुण यायला लागला होता आणि केसांचं तर अजून सुरूही झालं नव्हतं. (एक उपसूचना: टेस्टोस्टेरॉनची रक्तचाचणी गोळ्या चालू असताना करू नका, आकडा खोटा कमी दिसतो. गोळ्या थांबवून किमान तीन महिने झाल्यावर करायची.)

गोळीचे धोके लपवायचं कारण नाही. सर्वांत महत्त्वाचा म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी होणं. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये ५ ते ७ जणींना, ड्रॉस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेली घेणाऱ्यांमध्ये ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका यापेक्षाही जास्त असतो, हेही शेजारी ठेवून पाहा. आता तुमच्यासाठी कळीची गोष्ट: हा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो, नंतर उतरतो, आणि महिनाभराहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केलं की परत वर चढतो. ‘शरीराला जरा विश्रांती’ म्हणून गोळ्या सोडायच्या आणि वर्षाने पुन्हा धरायच्या, यात विश्रांती कुणालाच मिळत नाही. तुम्ही तो पहिल्या वर्षाचा धोका तीनदा पत्करलात, आणि फायदा एकदाही पूर्ण पदरात पाडून घेतला नाहीत. म्हणून या वेळी सुरू कराल तर मूल हवं होईपर्यंत सलग घ्या.

कोणती गोळी? पुरुषी हार्मोनला थेट विरोध करणारी सायप्रोटेरॉनची गोळी, ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनसह, पीसीओएससाठी खूप लिहिली जाते. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती पहिल्या पसंतीची नाही, कारण गुठळीचा धोका जास्त. २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची साधी गोळी बहुतेकींना तेवढंच काम देते. मीही तिथूनच सुरुवात करते, आणि पुरुषी केसांचा त्रास फारच असेल तरच पुढे जाते.

काही जणींनी ही गोळी घेऊच नये: आधी गुठळी झालेली, रक्तदाब वाढलेला, पस्तिशीनंतर सिगारेट ओढणारी, स्तनाचा कर्करोग झालेली, यकृताचा गंभीर आजार असलेली. आणि अर्धशिशीचा तो प्रकार असलेली, ज्यात डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. तिला पक्षाघाताचा धोका वाढतो. हे शेवटचं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून मी तो आकार कागदावर काढूनच दाखवते. रक्तदाब मोजल्याशिवाय गोळी लिहून दिली गेली असेल तर तुम्हीच मोजून घ्या. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात, तीही सांगा. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, कधी नव्हे असं तीव्र डोकं दुखणं, बोलण्यात किंवा दिसण्यात एकाएकी फरक: यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना, सकाळची वाट न पाहता.

कर्करोगाची भीती सगळ्याच जणी विचारतात. गोळी चालू असेपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडासा वाढतो आणि थांबवल्यावर काही वर्षांत मावळतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका उलट कमी होतो, आणि ते संरक्षण गोळी सोडल्यावरही कित्येक वर्षं टिकतं. ज्या बाईला मुळात अस्तराचाच धोका जास्त आहे, तिच्यासाठी या हिशोबाला वजन आहे.

केसांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे धीर सर्वांत लवकर सुटतो. हनुवटीवरचा जाड काळा केस ज्या मुळातून येतो, ते मूळ एकदा जाड झालं की औषधाने परत लव होत नाही, निदान सगळ्या ठिकाणी तरी नाही. औषध नवीन मुळं जाड होण्यापासून थांबवतं आणि असलेल्या केसांची वाढ मंदावतं. आज दिसणारा केस महिन्यांपूर्वी उगवायला लागला आहे, तो आपलं चक्र पुरं करूनच जाणार. म्हणून सहा महिन्यांच्या आत केसांचं औषध ‘लागू पडलं नाही’ असा निकाल देऊ नका. खरा फरक वर्षाच्या आसपास दिसतो. आरशावर विसंबू नका, आरशात रोज सारखंच दिसतं. आठवड्यातून किती वेळा चिमटा किंवा वस्तरा हातात घ्यावा लागला ते वहीत लिहा. एका मुलीच्या वहीत जानेवारीत ‘रोज’ होतं, जूनमध्ये ‘दिवसाआड’, डिसेंबरमध्ये ‘आठवड्यातून एकदा’. तिला स्वतःला तोवर ‘काहीच फरक नाही’ असं वाटत होतं. असलेल्या जाड केसांसाठी लेझर करायचं असेल तर गोळ्या चालू असतानाच करा. हार्मोन आवरलेलं नसेल तर नवे केस पुन्हा येत राहतात.

सहा महिन्यांनी गोळी आणि लेझरने भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन. हे मूळचं रक्तदाबाचं आणि लघवी वाढवणारं औषध, पण ते त्वचेतल्या पुरुषी हार्मोनच्या जागा अडवून बसतं. सुरुवात २५ किंवा ५० मिलिग्रॅमने, बहुतेकींना ५० ते १०० पुरतात. पहिले काही दिवस लघवीला जास्त जावं लागतं, उठताना गरगरतं. पोटॅशियम वाढू शकतं. निरोगी तरुण बाईत ते सहसा होत नाही, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा नावाच्या शेवटी ‘-प्रिल’ अथवा ‘-सार्टन’ असलेली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तपासावंच लागतं. तुमच्या गर्भनिरोधक गोळीत ड्रॉस्पायरेनोन असेल तर तेही त्याच दिशेने ओढतं, म्हणून पाकीट दाखवून विचारा. आणि सगळ्यात मोठी अट: हे औषध चालू असताना दिवस राहता कामा नयेत, कारण पोटातलं बाळ मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत अडथळा येऊ शकतो. डॉक्टरांनी आधी गर्भनिरोधक गोळी आणि मग हे औषध असा क्रम ठेवला आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. केसांसाठीच दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडलाही हीच अट. तशाच कामाचं फ्लुटामाइड मी देत नाही, यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो.

मेटफॉर्मिन तुम्हाला का, हे तुमच्या रिपोर्टमध्येच लिहिलं आहे. उपाशीपोटीचे ९८ पाहून कुणीही ‘साखर उत्तम’ म्हणालं असतं. दोन तासांनंतरचे १५२ वेगळंच सांगतात: १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पीसीओएसमध्ये ही उंबरठ्याची साखर उपाशीपोटीच्या चाचणीत बऱ्याचदा निसटते, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करवून घेणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना माझे मनापासून आभार कळवा. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ते इन्सुलिन जास्त बनवतं. ते जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी हार्मोन बनवायला आणखी चिथावतं आणि वर सांगितलेलं एसएचबीजीही कमी करतं. मेटफॉर्मिन या साखळीत हात घालतं. केस आणि पिंपल्सवर त्याचा परिणाम थोडा, साखरेवर आणि काही अंशी पाळीवर चांगला.

हे औषध बाया सोडतात ते मळमळ आणि जुलाबामुळे, आणि बहुतेक वेळा सुरुवातच चुकलेली असते. पहिल्या दिवसापासून १००० मिलिग्रॅम घेतलं की पोट बंड करणारच. ५०० ची एक गोळी, जेवणाच्या मधोमध, एक-दोन आठवडे. सोसली की आणखी ५००. हळूहळू सुटणारा प्रकार पोटाला सौम्य पडतो. प्रौढ बाईत दिवसाला २.५ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि पुष्कळजणींना तेवढं लागतही नाही. एकट्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाऊन चक्कर येत नाही, ही भीती मनातून काढा. वर्षानुवर्षं घेतल्यास शरीरातलं बी१२ कमी होऊ शकतं. मुंग्या येणं, पाय बधिर होणं, थकवा याकडे लक्ष ठेवा आणि अधूनमधून रक्तात तपासा. मूत्रपिंडं खूप कमजोर असतील तर हे औषध चालत नाही. मुदत? साखर, वजन, कंबर सुधारून टिकली तर कमी करून, बंद करून पाहता येतं. ते दर वर्षी ठरवायचं. आणि हो, मेटफॉर्मिनने बीज फुटायला लागू शकतं. एखादी बाई फक्त हेच औषध घेत असेल आणि मूल नको असेल, तर तिला दुसरं गर्भनिरोधन लागतं.

इनोसिटॉल (पीसीओएससाठी घेतलं जाणारं पूरक) विचारलं नाहीत, पण विचाराल. अपाय फारसा नाही, फायद्याचा पुरावा तोकडा. घ्यायचं तर घ्या, पण मेटफॉर्मिनच्या जागी नको. वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी वजन उतरतं आणि त्याबरोबर पाळीही सुधारू शकते, मात्र दिवस राहू देण्याआधी ती थांबवावी लागतात. सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यानेही पुष्कळजणींची पाळी हलते. पण सडपातळ बाईलाही पीसीओएस असतं, आणि तिला ‘वजन कमी कर’ सांगून परत पाठवणं हे उपचार नव्हेत.

एक गोष्ट गोळ्यांच्या गडबडीत राहून जाते. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात. नवीन गोळी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत मन सतत खाली वाटायला लागलं तर ते ‘माझंच काहीतरी’ म्हणून गिळू नका. गोळीतलं प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखा घटक) बदलता येतं, आणि मनासाठी स्वतंत्र उपचारही घेता येतात. दर वर्षी रक्तदाब आणि वजन, एक ते तीन वर्षांनी तीच ग्लुकोजची चाचणी, आणि कोलेस्टेरॉल. दरवेळी सोनोग्राफी लागत नाही. ‘गाठी गेल्या का’ हे पाहण्यात अर्थ नसतो, कारण त्या गाठी नाहीतच. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या स्त्रीबीजांच्या पिशव्या आहेत.

जन्मभर का, याचं उत्तर: नाही, निदान याच गोळ्या तरी नाहीत. चाळिशीकडे जाताना अनेकींची पाळी आपोआप नियमित होत जाते. तोवर अस्तर सांभाळायचं. साखर आणि रक्तदाबावरची नजर मात्र पाळी गेल्यावरही काढायची नाही.

आता तुमची दोन वर्षं. गर्भचाचणी, मग अस्तर सुटण्यासाठी प्रोजेस्टेरॉन, मग रोजची गोळी आणि मेटफॉर्मिन. सहा महिन्यांनी वहीतली नोंद पाहून स्पायरोनोलॅक्टोनचा निर्णय. घेतलंत तर साधारण वर्षभर हाताशी मिळेल. मूल हवं असेल त्याच्या दोन महिने आधी थांबवण्याचा क्रम असा: पहिल्यांदा स्पायरोनोलॅक्टोन बंद, पण गर्भनिरोधक गोळी आणखी किमान महिनाभर चालूच, म्हणजे ते औषध अंगातून पुरतं जाईपर्यंत दिवस राहायचे नाहीत. त्याच महिन्यात फोलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू, आणि ग्लुकोजची चाचणी पुन्हा. नंतर गर्भनिरोधक गोळी बंद. मेटफॉर्मिन प्रयत्न करताना चालतं, दिवस राहिल्यावर ठेवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच. ‘वर्षभर प्रयत्न करा, मग या’ हा सल्ला नियमित पाळी असलेल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तीन महिन्यांत पाळी लयीत आली नाही तर लगेच जा आणि लेट्रोझोलबद्दल विचारा. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची ही गोळी बीज फुटायला मदत करते. २०१४ साली ७५० पीसीओएसग्रस्त स्त्रियांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात तिने २७.५ टक्के जणींना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के जणींना.